दुधाच्या पिशव्यांचा रॅम्प

हिम्मतरावांनी आधी पायऱ्या तोडल्या आणि मग विचार करायला घेतला. एरवी त्यांचा क्रम नेमका उलटा असे. एखाद्या गोष्टीचा ते इतका विचार करत, की मधल्या काळात ती करायची गरजच निघून जाई. पण या खेपेला प्रश्न आईचा होता. हैदराबादच्या हिमायतनगरात, एका गल्लीतल्या त्यांच्या घराला शहाबादी दगडाच्या तीन उंच पायऱ्या होत्या. त्यांतल्या मधलीवरून आई, म्हणजे चतुराबाई, घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि कोठी भागातल्या एका दवाखान्यात पट्टी नि स्क्रू घालून ते जोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हाडं वयाच्या मानानं चांगली आहेत, वॉकर धरून घरात हिंडतील, मात्र पायरी चढायची नाही. दाराशी उतार करून घ्या. हे ते पुढच्या खाटेकडे वळता वळता म्हणाले. हिम्मतराव मात्र तडक घरी आले आणि दिवेलागणीच्या आत गडी लावून त्यांनी पायऱ्या मुळापासून उखडून टाकल्या. आईला पाडणारा दगड डोळ्यांसमोर नको, एवढाच त्यामागे विचार होता. म्हणजे विचार नव्हताच.

पायऱ्या गेल्यावर लक्षात आलं, की घर अधांतरी लटकलंय. उंबरठा मांडीएवढा उंच, खाली उघडी मोरी, आणि मोरीपलीकडे रस्ता. त्या दिवसापासून सगळं घर मागच्या बोळातून, न्हाणीच्या दारानं आत-बाहेर करू लागलं. गॅसवाला, पेपरचं बिल मागणारा आणि चतुराबाईंच्या चौकशीला आलेले पाहुणे असे सगळे आधी न्हाणीत प्रकट होत. इंदुताईंनी, म्हणजे हिम्मतरावांच्या पत्नीनं, न्हाणीच्या दाराबाहेर घंटी बसवून घेतली आणि ती वाजवल्याशिवाय कुणी आत येऊ नये असं गल्लीत जाहीर केलं. पाहुणे घंटी वाजवून लगेच आत येत.

हिम्मतराव एका इंजिनिअरिंग कॉलेजात होते. ते एवढंच सांगत आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडत. ऐकणारा 'प्रोफेसर का?' म्हणाला तर ते हसत आणि विषय बदलत. खरं म्हणजे ते ग्रंथपाल होते. पण उभी हयात पूल, धरणं आणि यंत्रं यांच्यावरच्या पुस्तकांना क्रमांक देण्यात गेल्यामुळे ही सगळी बांधकामं आपल्याच हातून मार्गी लागली आहेत असं त्यांना मनातून वाटे. पुस्तकाच्या पाठीवरून त्यांना बांधकामशास्त्राची संपूर्ण माहिती होती. पोटाशी त्यांचा संबंध कमी आला होता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाजार नुकता खुला झाला होता आणि त्यातून पहिल्यांदा काय बाहेर पडलं असेल, तर प्लॅस्टिक. शांपूच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, रंगीत पिशव्या. पाणी विकत घेणाऱ्याला पूर्वी लोक हसत. आता बाटली हातात धरून फिरणाऱ्याकडे आदरानं बघू लागले होते. नंतर ती बाटली मोरीत जाई. या कचऱ्याचं काय करायचं यावर परदेशातले विद्वान लिहू लागले होते, आणि त्यांतला एक लेख ग्रंथालयाच्या मासिकात हिम्मतरावांना सापडला: काँक्रीटमध्ये प्लॅस्टिकचे तुकडे मिसळले असता काय होतं. लेखात अनेक गोष्टी होत्या. हिम्मतरावांच्या डोळ्यांत भरली ती एकच. असं काँक्रीट धक्का जिरवून घेतं, असं त्यात म्हटलं होतं.

म्हणजे आई पुन्हा पडली, तरी लागणार नाही.

त्यांनी पान उलटलं. लेखाची शेवटची पानं, जिथे मर्यादा आणि धोके सांगितलेले असतात, कुणीतरी परीक्षेच्या सोयीसाठी ब्लेडनं कापून नेली होती. अशी पानं कापणाऱ्यांविरुद्ध हिम्मतरावांनी ग्रंथालयात ठिकठिकाणी सूचना लावल्या होत्या, त्यामुळे हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मर्यादा आणि धोक्यांशिवाय उरलेला लेख फारच उत्साहवर्धक होता.

इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं. साधा सिमेंटचा उतार केला तर काय बिघडेल, एवढंच त्यांनी विचारलं. हिम्मतराव म्हणाले, साधा उतार दगडासारखा कडक होतो. त्यावर इंदुताई म्हणाल्या, की तो व्हावा म्हणूनच लोक करतात. पण त्यांना दवाखान्यात जातानाची रिक्षा आठवली. सासूबाई पडल्या त्या दिवशी हेच गृहस्थ रिक्षात त्यांच्या शेजारी बसले होते आणि दवाखाना येईपर्यंत 'झालं, आलंच' याखेरीज त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. इंदुताईंनी स्वयंपाकघराच्या माळ्यावरून दुधाच्या पिशव्यांचं गाठोडं काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

दुधाची पिशवी रिकामी झाली की विसळायची, उलटी करून खिडकीच्या गजावर वाळत घालायची, घडी करून साठवायची आणि गाठोडं फुगलं की कबाडीला विकायचं, हा धर्म त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात पाळला जाई. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण पिशवी विसळण्याची रीत एकच. त्यामुळे हिम्मतरावांना पिशव्या हव्यात ही बातमी पसरताच गल्लीनं माळे रिकामे केले. आणि नुसत्या पिशव्यांवर भागलं नाही. आईसाठी चाललंय म्हटल्यावर फुटक्या बादल्या, दात गेलेले कंगवे, कॅसेटची खोकी, एक हात नसलेली बाहुली, जुन्या कमोडचं झाकण, सगळं श्रद्धेनं येऊ लागलं. समोरच्या भाग्यलक्ष्मी गारू (गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी') मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झाल्या होत्या; त्यांनी आपल्या पिशव्या धुऊन, इस्त्री केल्यासारख्या सपाट करून, रबर लावून पाठवल्या. गल्लीचा कबाडी एक दिवस न्हाणीची घंटी वाजवून आला आणि साहेबांनी नोकरी सोडून हा धंदा कधी सुरू केला, आणि करायचाच होता तर दुसरी गल्ली का धरली नाही, असं त्यानं खिन्नपणे विचारलं.

पिशव्या कापायचं काम टीव्हीसमोर चाले. केबल आल्यापासून मालिका संपतच नसत, त्यामुळे कामाला खळ नव्हता. इंदुताई विळीवर मेथी चिरावी तशा पिशव्या चिरत आणि हिम्मतराव कात्रीनं त्यांच्या बारीक पट्ट्या करत. लेखात प्लॅस्टिकचं प्रमाण अगदी थोडं सांगितलं होतं, भाजीत मीठ घालावं तसं. हिम्मतरावांना ते पुरेसं वाटेना. आईचा खुबा डोळ्यांपुढे येई आणि त्यांचा हात सढळ होई.

हे सगळं मान्य करणारा मिस्त्री मिळणं अवघड होतं. पहिला ऐकून हसला. दुसरा न हसता गेला आणि परत आला नाही. तिसरा यादगिरी. हा कशालाही नाही म्हणत नसे. "हो जाता साब, परेशान नक्को होओ," हे त्याचं ब्रीद. पाण्याखाली भिंत बांधता येईल का, असं विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. त्यानं पट्ट्यांच्या पोत्यात हात घातला, मूठभर वर काढून उजेडात धरल्या आणि असलं काम आपण पुष्कळ केलंय असं सांगितलं. हे ऐकून हिम्मतरावांना धीर यायला हवा होता. तो आला नाही.

आता सल्ल्यांकडे वळायला हवं. गल्लीत बांधकाम निघालं आणि सल्ला निघाला नाही असं हैदराबादेत होत नाही. पलीकडच्या घरातले नामदेवराव बांधकाम खात्यात होते. तिथे ते हजेरी घेत, हे ते सांगत नसत. ते रोज सकाळी खुर्ची टाकून बसत आणि उताराचा कोन नजरेनं मोजत. कोन रोज बदले. पण खरा सल्ला आला तो दवाखान्यातून. चतुराबाईंना मुलानं खाटेशी बसून सगळी योजना समजावली होती. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि एकच विचारलं.

"गूळ किती घालायलास?"

चतुराबाईंचं माहेर उदगीरकडचं. त्यांच्या आजोबांची विहीर चुन्यात गूळ घालून बांधलेली. ती विहीर कधी ढासळली नाही, तिच्यात म्हैस पडली तरी म्हैसच दुखावली, असं त्या सांगत. गुळाशिवाय काम धरत नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. तो चुना होता आणि हे सिमेंट आहे, हे हिम्मतरावांना माहीत होतं. म्हणजे चुना आणि सिमेंट ही दोन पुस्तकं वेगळ्या कपाटांत असतात हे माहीत होतं. गुळाचं सिमेंटशी जमतं की नाही, हे ज्या पुस्तकात सापडलं असतं ते एका विद्यार्थ्यानं नेलं होतं आणि तो विद्यार्थी आता परदेशात होता. घरी येऊन त्यांनी नामदेवरावांना विचारलं, तर ते म्हणाले, निजामाच्या अमदानीतल्या सगळ्या देवड्या, म्हणजे सरदारांच्या हवेल्या, गुळावरच उभ्या आहेत. यादगिरी म्हणाला, गूळ तो होनाच, आपले दादा, म्हणजे आजोबा, गुळाशिवाय थापी हातात घेत नव्हते.

तरी हिम्मतरावांनी मधला मार्ग काढला. आईनं मग अख्खी ढेप सांगितली होती. त्यांनी अफझलगंजच्या बाजारातून उत्तम काळा गूळ आणून त्यातला नारळाएवढा खडा तेवढा पाण्यात विरघळवला. अंगात खुळखुळणारी भीती आणि आईची आज्ञा यांच्यामध्ये कुठेतरी तो नारळाएवढा खडा बसत होता. एखादी चूक निम्मीच केली तर तिचं फळही निम्मंच मिळेल, असा सुशिक्षित माणसाचा जो विश्वास असतो, त्यातलाच हा प्रकार.

रॅम्प ओतला त्या दिवशी गल्लीत जत्रा होती. मोरीवर फळ्या टाकून, पाण्याला वाट ठेवून, वाळू-खडी-सिमेंटच्या राड्यात पिशव्यांच्या पट्ट्या पडल्या. त्यांत कुठे दूध कंपनीच्या नावातलं अर्धं अक्षर दिसे, कुठे गायीचं शिंग. बाहुलीचा उरलेला हातही कुणीतरी गपचूप टाकला असावा, कारण तो बराच वेळ वर येत होता. भाग्यलक्ष्मी गारूंनी नारळ फोडला. यादगिरीनं थापीनं शेवटचा हात फिरवला आणि उद्या दुपारी यावरून हत्ती नेता येईल असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यावरून मांजर गेलं आणि त्याचे पाय घोट्यापर्यंत आत गेले.

यादगिरी म्हणाला, हवा थंडी है. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, हवा गरम है. चौथ्या दिवसापासून तो भेटेनासा झाला. रॅम्प मात्र शिऱ्यासारखा मऊ, लुसलुशीत, किंचित चकाकणारा असा पसरून राहिला. मुंग्या आल्या. आधी काळ्या, मग लाल, आणि त्यांच्या दोन रांगांत मोरीच्या कडेला काही वाद झाल्यासारखाही दिसला. जो येई तो अंगठा दाबून बघे आणि मान हलवी. रॅम्पवर गल्लीतल्या बहुतेकांचे अंगठे उमटले. पाणी मारा, असं निम्मे जण सांगत. पाणी मारलंत म्हणूनच हे झालं, असं उरलेले. इंदुताईंना कुणी चेष्टेनं विचारलं, वरून वेलची-बेदाणे घालायचेत का. त्या हसल्या नाहीत. त्यांनी न्हाणीची घंटी काढून मोठी बसवली, कारण चौकशीला येणारे वाढले होते.

हिम्मतरावांची भूक गेली. रॅम्पकडे बघायचं नाही असं ठरवून ते बोळातून कॉलेजला जात आणि बोळाच्या तोंडाशी थांबून बघतच. आई बरी होत होती. रोज दवाखान्यात तिला बघून आनंद व्हावा, तर तो होत नव्हता. ती वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत गेली, तेव्हा नर्सनं टाळ्या वाजवल्या. इतक्या लवकर कशाला, असं हिम्मतरावांच्या मनात येऊन गेलं आणि मग असं मनात आल्याची शरम घेऊन ते दिवसभर कपाटांमधून हिंडले.

शेवटी अभिमान गिळून ते कॉलेजातल्या काँक्रीटच्या प्रोफेसरांकडे गेले. एका मित्राच्या घरी असं असं झालं आहे, अशी सुरुवात केली. प्रोफेसरांनी गूळ हा शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि समजावून सांगितलं, की गोडानं सिमेंट झोपतं. किती झोपेल, ते गोडाच्या प्रमाणावर आहे. उठलं तर चांगलंच उठतं, कधीकधी नेहमीपेक्षा घट्ट होतं. न उठलं तर खरवडून काढावं लागतं. "तुमच्या मित्राला म्हणावं, त्याच्या उशाशी बसून राहा," ते म्हणाले. हिम्मतराव दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "आणि मित्राच्या आईंची तब्येत कशी आहे?" म्हणजे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं.

ज्या दिवसाला ते भीत होते तो ठरल्यापेक्षा लवकर आला. डॉक्टर खूश होते. इतकी चांगली प्रगती झालेल्या बाईंना उगाच अडकवून ठेवणं बरं नाही, असं म्हणून त्यांनी चतुराबाईंना सोडलं. टॅक्सी गल्लीत शिरली, तेव्हा हिम्मतराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याला हळू चालवायला सांगत होते. चतुराबाई उतरल्या. वॉकर टेकवला. समोर स्वतःचं घर, मधे शिरा. त्यांनी मुंग्यांच्या रांगेकडे पाहिलं, अंगठ्यांकडे पाहिलं, आणि मुलाकडे पाहिलं.

बोळ अरुंद, त्यात वॉकर मावेना, आणि न्हाणीची फरशी कायमची ओली. दोन खुर्च्या, चार माणसं, उचलून न्यावं, असे बेत सुरू झाले. चतुराबाई म्हणाल्या, मला पोत्यासारखं कुणी उचलायचं नाही. तेवढ्यात भाग्यलक्ष्मी गारू आल्या. त्यांचं घर रस्त्याच्या समपातळीत, उंबरठा नावाला. "परवालेदु, हिम्मतराव गारू," त्या म्हणाल्या, म्हणजे त्यात काय एवढं. "अम्मा आमच्याकडे राहतील. उद्यापर्यंत."

तो उद्या काही केल्या येईना. चतुराबाई समोरच्या घरात रमल्या. दोघी बायका एकट्या, दोघी करारी. एक तेलुगूत बोले, दुसरी उदगीरच्या मराठीत उत्तर देई, आणि जिथे अडे तिथे दोघी दक्खनी हिंदी वापरत, जी दोघींची वाईट होती. सकाळी पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, दुपारी टीव्ही, संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून गल्लीचं निरीक्षण. आणि गल्लीत निरीक्षण करण्यासारखी गोष्ट एकच होती. हिम्मतराव खिडकीत उभे राहिले की समोर आई दिसे. आई आणि मुलगा यांच्यामध्ये एक रस्ता, एक मोरी आणि एक न झालेला रॅम्प.

या अवस्थेत नांदेडहून चतुराबाईंची भाची वैशाली भेटायला आली. ती न्हाणीतून घरात शिरली, आत्या समोरच्यांकडे आहे हे कळल्यावर न्हाणीतूनच बाहेर पडली, आणि जाताना इंदुताईंना म्हणाली, की शहरात असं चालतं हे ऐकलं होतं, डोळ्यांनी आज पाहिलं. नांदेडमध्ये ही बातमी कशी सांगितली जाईल, याचा हिम्मतरावांनी संध्याकाळपर्यंत विचार केला. मग ते समोर गेले. भाग्यलक्ष्मी गारू सौजन्यानं आत निघून गेल्या, म्हणजे दाराआड उभ्या राहिल्या.

रॅम्प होईल आई, प्रोफेसर म्हणालेत, अशी त्यांनी सुरुवात केली. चतुराबाई शेंगा सोलत होत्या.

"नको घाई करू," त्या म्हणाल्या. "मला बरं हाय इथं."

"घर समोर असताना?"

चतुराबाईंनी शेंग खाली ठेवली. "तिथंच पडले ना मी, हिम्मत. डोळे मिटले की तीच जागा दिसती. तू दगड काढलास, पर जागा कुठं काढलीस?"

गेले कित्येक दिवस हिम्मतराव सिमेंट धरण्याची वाट बघत होते. आई धीर धरण्याची वाट बघत होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि धक्का जिरवणारं, पडलं तरी न लागणारं असं काही आपण करतोय हे तिला सांगण्यात, तू पुन्हा पडशील हेच आपण तिला सांगत आलो, असंही त्यांना घरी येताना वाटून गेलं. ते उताराशी थांबले. अंगठा दाबला नाही.

आणि मग एका सकाळी कावळा रॅम्पवर उतरला, त्यानं चोच मारली आणि टक्क असा आवाज आला. कावळ्यालाही हे अपेक्षित नसावं. त्यानं मान तिरकी करून पुन्हा मारली. टक्क. हिम्मतराव दाढी अर्धी ठेवून खिडकीत आले. त्यांनी आतूनच काठी पोचवून ठोकून पाहिलं. मग वरवंटा दोरीला बांधून खाली सोडला. वरवंटा उडून मोरीत गेला. सिमेंट जागं झालं होतं. मुंग्या निघून गेल्या होत्या आणि सगळ्यांचे अंगठे कायमचे राहिले होते.

आता आईला आणायचं, असं इंदुताई म्हणाल्या. हिम्मतराव म्हणाले, उद्या. कारण आता त्यांच्या मनात लेखाची कापलेली पानं फडफडू लागली होती. वरून घट्ट आहे, आत काय असेल? मधे बाहुलीचा हात आहे, तिथून चीर गेली तर? आई बरोबर मधोमध असताना? स्वतः चढून बघावं, हा उपाय इंदुताईंनी सुचवला. हिम्मतरावांनी विषय बदलला आणि न्हाणीतून कॉलेजला गेले.

उद्या उजाडला तो महापालिकेच्या वॉर्डाच्या साहेबांना घेऊन. कुणीतरी तक्रार केली होती. हिम्मतरावांचा संशय आळीपाळीनं सगळ्यांवर गेला, कबाडी, नामदेवराव, प्रोफेसर, एक क्षण तर वैशालीवरही. साहेबांबरोबर दोन धिप्पाड गडी होते आणि त्यांच्या खांद्यांवर घण होते. साहेबांचं बोलणं सौजन्याचं होतं. मोरीवर बांधकाम करता येत नाही, रॅम्प मोरी ओलांडून हातभर पुढे आलाय, तो हातभर तोडायचा. परवानगीचं विचारलं, तर ती मिळण्याची एक पद्धत असते आणि तिला लागणारा वेळ रॅम्प सुकायला लागलेल्या वेळेपेक्षाही जास्त असतो, असं त्यांनी मोकळेपणी सांगितलं.

हिम्मतराव खिडकीत उभे होते. खरं म्हणजे त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तुटला की प्रश्न मिटला, आत काय आहे ते दिसलं असतं, आणि दोष सरकारच्या माथी गेला असता. पण पहिला घण उचलला गेला, तेव्हा त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला. समोरच्या ओसरीवर चतुराबाई खुर्चीतून पुढे वाकल्या होत्या.

घण पडला. काँक्रीटचा जो कोरडा, फुटका आवाज होतो तो झाला नाही. धप्प असा, गादीवर काठी मारल्यासारखा आवाज झाला आणि घण वर उडाला. दुसऱ्या गड्यानं मारला. त्याचाही उडाला. कडेचा एक टवका हलला, पण खाली पडेना. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्यांनी तो आतून धरून ठेवला होता. गड्यांनी हातांवर थुंकून पुन्हा सुरुवात केली. गल्ली जमली. नामदेवरावांनी खुर्ची आणली. बऱ्याच वेळानं एका घणाचा दांडा मोडला, आणि दुसरा गडी हात झटकत मोरीच्या कठड्यावर बसला. साहेबांनी वाकून टवक्यात बोट घातलं, एक पट्टी ओढून पाहिली, आणि खिडकीकडे बघून विचारलं, "क्या डाले जी इसमें?"

गेले कित्येक आठवडे हिम्मतराव या प्रश्नाच्या उत्तराची तयारी करत होते. विद्वानांची नावं, प्रमाणं, धक्का जिरवण्याचा सिद्धांत, सगळं जिभेवर होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण साहेब आता त्यांच्याकडे बघत नव्हते. गल्लीतलं कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांची तोंडं मागे वळली होती.

चतुराबाई निघाल्या होत्या. वॉकर टेकवत, एक पाय, दुसरा पाय, अशा त्या भाग्यलक्ष्मी गारूंचा उंबरठा उतरून रस्त्यावर आल्या. कुणी धरायला पुढे झालं तर त्या मानेनंच नको म्हणत. येणारी स्कूटर थांबली. हिम्मतरावांना खिडकीतून ओरडावंसं वाटलं, थांब, आत बाहुलीचा हात आहे. चतुराबाई रॅम्पच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही गड्यांकडे त्यांनी पाहिलं. मोडलेल्या दांड्याकडे पाहिलं.

"मारून झालं असंल तर सरका," त्या म्हणाल्या. "मला घरी जायचंय."

साहेबांना मराठी येत नव्हती, तरी समजलं. ते बाजूला झाले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी कोपराशी हात नेऊन, न टेकवता, नुसता जवळ धरला आणि म्हणाले, "मेल्लगा अम्मा, मेल्लगा." हळू, हळू. वॉकरचे पाय अंगठ्यांच्या ठशांवर एकेक पडत गेले. मधोमध चतुराबाई थांबल्या. सगळी गल्ली थांबली. हिम्मतराव तर श्वासासकट थांबले. चतुराबाईंनी उजवा पाय जरा उचलला आणि जोरात आपटला, विहिरीच्या कठड्यावरची माती झटकावी तसा. काही झालं नाही. त्या पुढे निघाल्या आणि उंबरठा ओलांडून आपल्या घरात गेल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. इंदुताईंनी चहा टाकला. एवढं तोडणं सध्या शक्य दिसत नाही, रीतसर नोटीस पाठवू, असं म्हणत साहेब वर चढले. पाठोपाठ गडी, भाग्यलक्ष्मी गारू, नामदेवराव, खुर्ची, सगळे एकामागून एक त्या उतारावरून आत गेले. आई उंबरठ्याशी पोचत होती तेव्हाच हिम्मतराव तिला गाठायला खिडकी सोडून धावले होते. पण घाईत, सवयीनं, न्हाणीतून बोळात आणि बोळातून वळसा घालून रस्त्यावर आले होते. आता ते एकटेच बाहेर उरले. आतून कपांचा आवाज येत होता. आई साहेबांना उदगीरच्या विहिरीची हकीकत सांगत होती आणि साहेब तेलुगूत होकार देत होते.

हिम्मतराव रॅम्पच्या तोंडाशी आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाहीसं पाहून चपला काढून हातात घेतल्या. उजवा पाय त्यावर ठेवला आणि डावा रस्त्यावरच राहू दिला. तसेच ते उभे राहिले, अंगातला सगळा भार मागच्या पायावर तोलून, खालून काही आवाज येतो का ते ऐकत.

दारात वॉकर दिसला, आणि त्यामागे चतुराबाई.

"काय करायलास बाहेर?" त्या म्हणाल्या. "ये की वर. का तुलाबी धराया पाहिजे कुणी?"

हिम्मतरावांनी हात पुढे केला.